सिलोनचे प्रेषित संत जोसेफ वाझ

ज्या धर्मग्रामास देवमंदिर आहे, घंटा आहे आणि नित्य मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरु आहे, त्यानें देव आपल्यासन्निध आहे असें म्हणणें फारसें अवघड नाहीं. आम्ही वाचकांपुढें मुद्दाम अशा एका पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों, कीं ज्यास ह्यांपैकीं कशाचाही आधार नसतांना देवाच्या सान्निध्याविषयीं तिळमात्र शंका आली असें दिसत नाहीं. हा पुरुष कोणी दूरदेशीचा नव्हे. तो आपल्या शेजारच्या गोमंतकाचा पुत्र होय.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली ह्या आजोळच्या गांवीं झाला, घराणें सांकवाळचें. जुन्या गोव्यांत शिक्षण होऊन १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली व पुढील वर्षीं एका लेखानें त्यांनीं आपणांस पवित्र मरियेच्या दास्यांत अर्पण केलें. कांहीं वर्षें कानडा प्रांतांत सेवा करून ते परतले आणि १६८५ सालीं जुन्या गोव्यांतील देशी धर्मगुरूंच्या एका लहानशा संघांत शिरून लवकरच त्याचे प्रमुख झाले. त्या संघास त्यांनीं संत फिलिप नेरीच्या ओरेटरीचें वळण दिलें. युरोपीय धर्मसंघांचीं द्वारें देशी धर्मगुरूंस त्या काळीं बहुधा बंदच असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या लहानशा संघाचें मोल कळतें.

परंतु त्यांचें मन सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे, लागलें होतें. डचांनीं, ज्यांस आपले पूर्वज वलंदेज म्हणत, १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगीजांपासून जिंकून घेतलें. त्यांच्या राज्यांत कॅथोलिक धर्मगुरूंस मज्जाव झाला, व धर्मगुरूस आश्रय देणाऱ्यास देहांताची शिक्षा ठरली. देवमंदिरें परक्या पंथाच्या हातीं गेलीं. जवळजवळ तीस वर्षें तेथील कॅथोलिक कुटुंबें मिस्सावांचून, पापनिवेदनावांचून राहिलीं. म्हातारीं माणसें नातवंडांस प्रार्थना तोंडपाठ करवीत, एवढाच काय तो धर्म उरला होता; आणि तो उरला, हीच आमच्या मतें ह्या कथेंतील पहिली नवलाची गोष्ट आहे.

गोरा धर्मगुरु तेथें उतरतांच ओळखला गेला असता. सांवळ्या वर्णाचा, अनवाणी चालणारा मनुष्य गर्दींत मिसळून जाई. म्हणून १६८६ सालीं जोसेफ वाझ योहान नांवाच्या एका निष्ठावंत सेवकासह गोव्याहून निघाले, आणि तुतिकोरीनहून समुद्र ओलांडून १६८७ सालीं मजुराच्या वेषांत सिलोनला पोहोंचले. पोहोंचतांच देहानें दगा दिला. जाफन्यांत त्यांस भयंकर अतिसार जडला. सांथीच्या भीतीनें लोकांनीं त्यांस वस्तीबाहेर रानांत नेऊन टाकलें. ज्यांच्यासाठीं हा मनुष्य आला होता, त्यांस तो आला आहे हेंही ठाऊक नव्हतें, आणि तो झाडाखालीं मरणाची वाट पाहत पडला होता! एक दयाळू बाई पेज आणून देई, तिच्यावर ते जगले, असें चरित्रकार सांगतात. तिचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

बरें वाटतांच त्यांनीं गळ्यांत ठळक दिसेल अशी जपमाळ घातली व ते दारोदार भिक्षा मागूं लागले. माळेकडे पाहून कोणाचे डोळे थबकतात, हें ते हेरीत. अशा रीतीनें एकेक घर सांपडत गेलें. मग रात्रीं कोणाच्या तरी पडवींत किंवा झोंपडींत पापनिवेदनें ऐकावीं, स्नानसंस्कार द्यावेत, मिस्सा अर्पावा, आणि उजाडण्यापूर्वीं निघून जावें, असा क्रम पडला. १६८९ च्या नाताळांत डच शिपायांनीं जाफन्यांत छापा घालून अनेक कॅथोलिकांस धरलें व छळलें. धर्मगुरु मात्र हातीं लागला नाहीं.

येथें एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, कारण चमत्कारांच्या कथांत ती झांकून जाते. जवळजवळ दहा वर्षें त्या सबंध बेटावर दुसरा कॅथोलिक धर्मगुरु नव्हता. शेंकडोंचीं पापनिवेदनें ऐकणाऱ्या ह्या मनुष्याचें पापनिवेदन ऐकणारा कोणी नव्हता. आजारीं पडल्यास त्यास तैलाभ्यंग देणारा कोणी नव्हता. इतरांस जें तो रात्रीबेरात्रीं पोहोंचवीत होता, त्यासच तो स्वतः मुकला होता. तरीही तो परत फिरला नाहीं.

१६९२ सालीं ते डोंगराळ मुलखांतील स्वतंत्र राज्यांत, कँडी येथें, गेले. तेथें एका फ्रेंच प्रोटेस्टंट गृहस्थानें त्यांस पोर्तुगीजांचे हेर ठरविलें, व बौद्धधर्मी राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्यानें त्यांस बंदींत टाकलें. ह्या तुरुंगवासांत त्यांनीं काय केलें? सिंहली भाषा शिकण्यास आरंभ केला! जो उद्यां सुटण्याची आशा सोडतो, तो नवी भाषा शिकत नाहीं. पहारा सैल होतांच एका साध्या झोंपडींत वेदी मांडून त्यांनीं त्याच वर्षींचा नाताळ साजरा केला, आणि कँडींतील कॅथोलिक तेथें जमूं लागले.

पुढें अवर्षण पडलें असतां त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस आला व राजाची कृपा झाली, अशी परंपरा आहे. आम्हांस मात्र त्याहून थोर वाटते ती १६९७ ची गोष्ट. कँडींत देवीची भयंकर सांथ आली. घरच्या माणसांनीं रोग्यांस रानांत टाकून दिलें. तेव्हां जोसेफ वाझ रानांत गेले. रोग्यांसाठीं त्यांनीं झोंपड्या उभारल्या, त्यांचे व्रण धुतले, त्यांस अन्न भरविलें, बेवारशी प्रेतें पुरलीं. बौद्ध कोण व ख्रिस्ती कोण, हें पाहिलें नाहीं. दहा वर्षांपूर्वीं आपणही असेच रानांत पडलों होतों, ह्याची त्यांस आठवण झाली असेल काय? आम्ही तरी तसें समजतों.

ह्याच सुमारास गोव्याहून ओरेटरीचे बंधु एकेक करून येऊं लागले. १७०५ सालीं आलेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस ह्यांनीं सिंहली व तामीळ भाषांत ग्रंथ लिहून त्या कार्यास वाणी दिली. जोसेफ वाझ पुन्हां गोव्यास परतले नाहींत. १६ जानेवारी १७११ रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, कँडी येथें त्यांनीं देह ठेविला.

त्यांस कँडीच्या देवमंदिरांत पुरलें. परंतु पुढें राजमर्जी फिरून तेथील कॅथोलिकांवर संकट आलें, देवमंदिर राहिलें नाहीं, आणि ती कबर नक्की कोठें होती हें आज कोणी दाखवूं शकत नाहीं. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांस कोलंबोंत धन्यवादित घोषित केलें, व १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्याच शहरीं, समुद्रकांठच्या गॉल फेस मैदानावर, लाखोंच्या समुदायापुढें, भर दिवसां, त्यांस संतपद दिलें.