जॅकी कूगन : कमाई गमावलेला बालकलाकार, कायद्याला मिळालेले नाव

बालकलाकाराने मिळवलेला पैसा नेमका कोणाचा, हा प्रश्न चित्रपटसृष्टीच्या आरंभीच्या काळात कोणालाच पडला नव्हता. तो न्यायालयात उभा केला हॉलिवूडच्या जॅकी कूगन यांनी. त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही; पण त्यांच्यामागून आलेल्या मुलांना कायद्याचे संरक्षण मिळाले.

२६ ऑक्टोबर १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे जन्मलेल्या जॅकी यांचे आईवडील रंगमंचावर विविध करमणुकीचे खेळ करीत. चालता-बोलता येऊ लागताच मुलगाही त्यांच्यासोबत रंगमंचावर उभा राहू लागला. १९१९ मध्ये चार्ली चॅप्लिन यांनी त्याला एका नाट्यगृहात पाहिले. समोरच्याची हुबेहूब नक्कल करण्याची त्याची हातोटी त्यांनी तत्काळ हेरली. एका लघुपटात छोटे काम दिल्यानंतर १९२१ च्या ‘द किड’मध्ये त्यांनी त्याला टाकून दिलेल्या पोराची भूमिका दिली. भटक्या चॅप्लिनच्या पंखाखाली वाढणारे, ढगळ कपड्यांतले ते पोर साऱ्या जगाचे लाडके झाले. पुढच्याच वर्षी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आला. पडद्यावर अनाथाची भूमिका करणारा हा मुलगा प्रत्यक्षात हॉलिवूडमधील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या कलाकारांपैकी एक होता. त्याच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या वस्तू बाजारात धडाक्याने खपत. १९२४ मध्ये पश्चिम आशियातील अनाथ मुलांसाठी मदत गोळा करण्याच्या मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडे सोपवण्यात आले. त्यातून १० लाख डॉलरहून अधिक मूल्याची मदत उभी राहिली.

लाखोंची कमाई करणाऱ्या या मुलाच्या हाती मात्र आठवड्याला सव्वासहा डॉलर एवढाच खाऊचा पैसा पडे. वय वाढले, तशी मागणीही ओसरली. मे १९३५ मध्ये झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या वडिलांसह गाडीतील इतर सर्वजण दगावले. जॅकी तेवढे वाचले. पुढे आईने कुटुंबाचे आर्थिक व्यवहार सांभाळणारे आर्थर बर्नस्टीन यांच्याशी विवाह केला. एकविसावे वर्ष पूर्ण झाल्यानंतर जॅकी यांनी आपल्या कमाईची विचारणा केली, तेव्हा तिच्यावर त्यांचा हक्कच नसल्याचे त्यांना ऐकावे लागले. तत्कालीन कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकांचे मानले जाई.

१९३८ मध्ये त्यांनी आई आणि सावत्र वडिलांविरुद्ध दावा दाखल केला. बालपणी त्यांनी ३० ते ४० लाख डॉलर मिळवल्याचा अंदाज होता. त्यातील जेमतेम अडीच लाख डॉलर शिल्लक असल्याचे निष्पन्न झाले आणि अखेरीस १ लाख २६ हजार डॉलर त्यांच्या वाट्याला आले. हलाखीच्या दिवसांत चॅप्लिन यांनीही त्यांना आर्थिक मदत केली. या खटल्यामुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याची तरतूद करणारा कायदा केला. ‘कूगन कायदा’ या नावानेच तो ओळखला जातो.

दुसऱ्या महायुद्धात कूगन अमेरिकी सैन्यात ग्लायडर वैमानिक झाले आणि त्या निमित्ताने भारतात आले. मार्च १९४४ मध्ये आसाममधील लालाघाट येथून रात्रीच्या अंधारात उडालेल्या इंजिनविरहित ग्लायडरांनी ब्रह्मदेशाच्या जंगलात, जपानी फौजांच्या पिछाडीस, ब्रिटिश नेतृत्वाखालील चिंडिट सैनिक उतरवले. अनेक ग्लायडर कोसळलेल्या त्या धाडसी मोहिमेत कूगन सहभागी होते.

युद्धानंतर ते पुन्हा अभिनयाकडे वळले, पण दीर्घकाळ दुय्यम भूमिकांवरच समाधान मानावे लागले. १९६४ ते १९६६ या काळातील ‘द अॅडम्स फॅमिली’ या दूरचित्रवाणी मालिकेतील टक्कल पडलेल्या, विक्षिप्त अंकल फेस्टरने त्यांना नवी ओळख दिली. ‘द किड’मधील गोंडस पोर ते हेच, हे नव्या पिढीतील अनेक प्रेक्षकांच्या ध्यानीही आले नसेल. १ मार्च १९८४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाच्या कायद्यात सुरुवातीला अनेक पळवाटा होत्या. २००० मधील दुरुस्तीने बालकलाकाराची कमाई ही त्याचीच मालमत्ता ठरवली आणि किमान १५ टक्के रक्कम त्याच्या नावे विश्वस्त खात्यात ठेवणे बंधनकारक केले. भारतातही २०१७ च्या बालकामगारविषयक नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही. त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जमा करावा लागतो. सज्ञान झाल्यावर ती रक्कम त्याच्या हाती पडते. नेमकी हीच सोय कूगन यांच्या बालपणी नव्हती.