फादर अँजेलो सेक्की

कागल पंचतारांकित एमआयडीसीसारख्या ठिकाणी फौंड्रीत धातूच्या नमुन्यावर विजेची ठिणगी पाडतात. तिच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून कार्बन, सिलिकॉन किती ते कळते. प्रकाश पारखण्याची हीच रीत येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की यांनी ताऱ्यांना लावली. त्यांचा जन्म १८१८ साली इटलीतील रेज्जो एमिलिया येथे झाला. १८४८ च्या उठावात येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. इंग्लंड-अमेरिकेत आश्रय घेऊन सेक्की परतले व रोममधील येशूसंघीय महाविद्यालयाच्या वेधशाळेचे संचालक झाले. संत इग्नेशियस चर्चच्या छतावर त्यांनी नवी वेधशाळा उभारली. सुमारे ४,००० ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांनी ताऱ्यांचे वर्ग पाडले. १८६८ साली काही तांबड्या ताऱ्यांत त्यांना चक्क कार्बनच्या खुणा आढळल्या. १८७० मध्ये रोमची सत्ता पालटली, तरी त्यांनी वेधशाळा सोडली नाही. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी रोममध्येच ते निवर्तले.