कर्मवीर भाऊराव पाटील

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या खेड्यांतील शेतकऱ्यापुढे एक अवघड प्रश्न असे. मुलाला शाळेत घालावे की शेतावर न्यावे? गावात शाळा बहुधा नसे. असली तरी चौथीनंतर पुढे वाट नसे. शहरात पाठवावे, तर राहण्याचा आणि जेवणाचा खर्च कोठून आणावा? शिवाय आणखी एक धास्ती त्याच्या मनाला कुरतडत असे. चार बुके शिकलेला मुलगा पुढे नांगराला हात लावील काय? आणि नोकरी मिळाली नाही, तर तो ना घरचा ना घाटचा अशी त्याची गत होणार नाही काय? ही धास्ती निराधार नव्हती. केवळ कारकून घडविणाऱ्या शिक्षणाने हातांना कामाची लाज वाटू लागते, आणि कारकुनाच्या जागा तर मोजक्याच असतात. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी व्याख्यानांपेक्षा कृतीने दिले, ते भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात मिस् क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची आज्ञा झाली. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले आणि त्यापायी बोर्डिंगचा निवारा गमावला. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासात राहण्याचे भाग्य त्यांना लाभले. परीक्षेचे यश मात्र लाभले नाही. मॅट्रिकची पायरी त्यांना ओलांडता आली नाही.

त्यानंतर उदरनिर्वाहासाठी भाऊरावांनी अनेक कामे केली. साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या. ओगले यांच्या काचकारखान्याचा माल विकला. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. या भ्रमंतीत त्यांस खेडे जवळून दिसले. लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरली जाते, हे शेतकऱ्यास पटत होते. पण कर्जाच्या कागदावर काय लिहिले आहे, हे न वाचताच तो त्यावर अंगठा उठवीत होता. अज्ञान हेच दारिद्र्याचे मूळ आहे, ही महात्मा जोतीराव फुले यांची शिकवण भाऊरावांना येथे प्रत्यक्ष अनुभवास आली. जमिनीप्रमाणे मनाचीही मशागत झाली पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. ज्या काळी एका पाणवठ्यावर पाणी भरणेही अशक्य होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

हा संसार चालविणे सोपे नव्हते. भाऊराव धान्य आणि देणग्या गोळा करीत दौऱ्यावर असत, तेव्हा मुलांची काळजी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वाहत. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले पोटाशी धरली. मुलांच्या अन्नासाठी तिचे दागिने एकामागून एक गेले. एकदा कोठीतील धान्य संपले आणि भाऊराव बाहेरगावी होते, तेव्हा तिने गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली तिचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष पुढे विस्तारलेला पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

भाऊरावांच्या शिक्षणाचे मर्म होते 'कमवा आणि शिका' या योजनेत. १९४० साली साताऱ्यास निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात तिला पूर्ण रूप आले. मुले माळरान खोदीत, दगड फोडीत, पिके काढीत आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात विनाशुल्क शिक्षण घेत. यात दोन गोष्टी साधत. गरिबाच्या मुलास दान मागावे लागत नसे, म्हणून त्याचा स्वाभिमान शाबूत राही. आणि पुस्तक हाती आले म्हणून कुदळ परकी होत नसे. शेतकऱ्याच्या त्या जुन्या धास्तीला हे सडेतोड उत्तर होते.

शाळा वाढवायच्या तर शिक्षक हवेत. म्हणून १९३५ सालीच त्यांनी प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले होते. खेड्यांतून शिकलेला तरुण तेथून शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात जाई. त्याला काम मिळे आणि गावाला शाळा मिळे. अशा रीतीने डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांवर शेकडो शाळा उघडल्या. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय, तर १९५४ साली कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले.

मध्यंतरी मोठे संकट आले. गांधीजींच्या हत्येनंतरच्या दिवसांत भाऊरावांनी सरकारवर स्पष्ट टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. माघार घ्यावी, तर तत्त्व जाते; न घ्यावी, तर शाळा बंद पडतात. भाऊराव डगमगले नाहीत. ते लोकांकडे गेले. ज्यांची मुले शिकत होती, त्या रयतेने आपल्या ओंजळीतले दाणे पुढे केले आणि शाळा तगल्या. पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषास, डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. ९ मे १९५९ रोजी त्यांनी देह ठेवला. लोकांनी दिलेली कर्मवीर ही पदवी मात्र त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

आज गावोगाव शाळा आहेत. तरी हाती पदवी असून काम नाही, असे तरुण पुष्कळ आहेत. काही घरांतील मुलांना पोटासाठी अजूनही शाळा सोडावी लागते. कर्मवीरांचे कार्य म्हणून पुरे झालेले नाही. एका माणसाने माळरानावर बी पेरले. त्याची सावली ज्यांस मिळाली, त्यांनी त्या झाडास पाणी घालावयाचे आहे. श्रमाची लाज न बाळगता शिकणे, आणि शिकल्यावर मागे राहिलेल्यास हात देणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.