सेवाग्रामचे परिचारक

सातपुड्याच्या डोंगरात, मुलताईच्या परिसरात वर्धा नदी उगम पावते. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्याच्या सीमेवरून, मोवाड गावाजवळून ती दक्षिणेकडे वाहत जाते. या नदीचेच नाव धारण करणाऱ्या वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवर शेगाव नावाचे एक लहानसे खेडे होते. १९३६ साली महात्मा गांधी तेथे राहावयास गेले. १९४० साली त्या खेड्याला सेवाग्राम हे नाव मिळाले.

त्या काळी देशाचे लक्ष या खेड्याकडे लागलेले असे. मोठमोठे पुढारी सल्लामसलतीसाठी तेथे येत. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावे म्हणून आश्रमात दूरध्वनीही बसविण्यात आला होता. परंतु कामाच्या या धबडग्यातही गांधीजी रोज थोडा वेळ एका झोपडीसाठी राखून ठेवीत. तेथे एक रुग्ण त्यांची वाट पाहत असे. त्या रुग्णाच्या अंगाला ते स्वतःच्या हातांनी तेल चोळीत आणि त्याच्या जखमांची काळजी घेत.

शुश्रूषेची ही आवड गांधीजींच्या ठिकाणी लहानपणापासूनच होती. त्यांचा जन्म १८६९ साली पोरबंदर येथे झाला. वडील आजारी पडले, तेव्हा शाळेतून घरी येताच मोहनदास त्यांच्या सेवेला लागत. जखम बांधणे, औषध देणे आणि रात्री पाय चेपणे ही कामे त्यांनी आनंदाने केली. पुढे ते विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि वकिलीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले.

तेथे डर्बन शहरी राहत असताना एके दिवशी एक महारोगी त्यांच्या दाराशी आला. कुष्ठरोगाला तेव्हा महारोग म्हणत, आणि महारोग्याच्या सावलीलाही लोक भीत. गांधीजींनी त्याला घरात घेतले, त्याच्या जखमा धुऊन बांधल्या व त्याला जेवू घातले. परंतु त्याला कायमचे आपल्या घरी ठेवून घेण्याइतकी मनाची तयारी त्यांच्यापाशी नव्हती. काही दिवसांनी त्यांनी त्याला मजुरांच्या सरकारी रुग्णालयात पाठविले. रुग्णाची सोय झाली, पण गांधीजींच्या मनाचे समाधान झाले नाही. मग एका लहानशा धर्मार्थ रुग्णालयात रोज सकाळी काही वेळ औषधे देण्याचे काम त्यांनी पत्करले.

त्यानंतर अशा सेवेचे अनेक प्रसंग आले. १८९९ साली बोअर युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी भारतीयांचे पथक उभारले आणि जखमी सैनिकांच्या डोल्या वाहिल्या. १९०४ साली जोहान्सबर्ग येथे प्लेगची साथ आली. तेव्हा एका रिकाम्या घरात ठेवलेल्या २३ भारतीय रुग्णांजवळ ते रात्रभर जागले. रोगाचे भय त्यांनी जिंकले होते. तथापि डर्बनच्या दाराशी जो प्रश्न उभा राहिला होता, त्याचे पुरे उत्तर अजून द्यावयाचे होते. ती वेळ सुमारे ४० वर्षांनी आली.

परचुरे शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी कारावास सोसला होता. १९३२ साली ते आणि गांधीजी दोघेही येरवड्याच्या तुरुंगात होते. शास्त्रीबुवांना कुष्ठरोग जडला असल्यामुळे त्यांना वेगळे ठेवले जाई. तेव्हा गांधीजी पत्रे लिहून त्यांना धीर देत.

पुढे रोग बळावला. ज्या विद्वानाला लोक आदराने वाकून नमस्कार करीत, त्याला पाहून आता लोक दूर सरू लागले. अखेरीस १९३९ साली शास्त्रीबुवा सेवाग्रामच्या आश्रमात आले. उरलेले दिवस गांधीजींच्या सान्निध्यात घालवावेत आणि तेथेच देह ठेवावा, एवढीच त्यांची इच्छा होती. झाडाखालची जागा आणि दोन घास अन्न यांपलीकडे त्यांना काही नको होते.

गांधीजी विचारात पडले. त्यांना स्वतःला भय नव्हते; पण आश्रम त्यांच्या एकट्याचा नव्हता. तेथे कितीतरी स्त्रीपुरुष राहत होते. आपल्या इच्छेखातर त्या सर्वांना संकटात लोटण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, या प्रश्नाने त्यांचे मन अस्वस्थ झाले. मात्र या रुग्णाला परत पाठविणे म्हणजे आपल्या धर्मालाच पाठ दाखविणे होय, असेही त्यांना वाटले. त्यांनी हुकूम सोडला नाही. आपल्या मनातील विचार त्यांनी आश्रमवासीयांपुढे मांडला. आश्रमवासीयांनी संमती दिली आणि शास्त्रीबुवांसाठी आश्रमात एक झोपडी उभी राहिली.

त्या झोपडीत दोघांचा स्नेह वाढत गेला. गांधीजी तेल चोळीत, जखमा पाहत आणि आहार ठरवून देत. त्या रोगावर तेव्हा आजच्यासारखी हमखास औषधे नव्हती. सेवा मात्र नियमाने चाले. शास्त्रीबुवाही केवळ सेवा घेणारे राहिले नाहीत. आपली विद्या ते आश्रमवासीयांना देत आणि त्यांना संस्कृत शिकवीत. ज्यांना जगाने टाकून दिले होते, ते आश्रमाचे शास्त्रीबुवा झाले. त्यांची प्रकृतीही काही काळ पुष्कळ सुधारली.

परंतु १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि १९४४ च्या मे महिन्यापर्यंत ते पुण्याच्या आगाखान महालात बंदिवान राहिले. शास्त्रीबुवांचा आजार पुन्हा वाढला. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली विनोबा भावे यांच्या प्रेरणेने कुष्ठसेवेचे केंद्र सुरू केले होते. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस तेथे गेले आणि १९४५ साली त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी गांधीजींनी आपल्या विधायक कार्यक्रमाच्या पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती काढली आणि तीत कुष्ठरोग्यांच्या सेवेचा स्वतंत्रपणे समावेश केला. एका झोपडीत चाललेले काम आता राष्ट्राचे काम म्हणून त्यांनी देशापुढे ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ साली वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले.

कुष्ठरोग हा शाप नव्हे आणि कोणाच्या पापाचे फळही नव्हे. त्याचे जंतू नॉर्वेमधील हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ सालीच शोधून काढले होते. हा रोग आनुवंशिक नाही, आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती असते. १९८२ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जगभर सुरू झाली. या उपचारांनी रोग पूर्ण बरा होतो. वेळीच उपचार घेतले तर व्यंगही टळते. गांधीजींची पुण्यतिथी, ३० जानेवारी, हा दिवस भारतात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो.

सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आजही पाहावयास मिळते. गांधीजींची कुटी तेथून दूर नाही. रोज हे थोडेसे अंतर चालून जाण्यासाठी त्या काळी फार मोठे धैर्य लागत होते. आज औषधे सर्वांसाठी उपलब्ध आहेत. आजाऱ्याच्या जवळ जाऊन बसण्याचे धैर्य मात्र ज्याचे त्यानेच मिळवावयाचे असते.