खुर्चीसकट विमानात

मागच्या दिवाळीत सासूबाईंना घेऊन पुण्याहून विमानानं दिल्लीला नणंदेकडे जायचं ठरलं. आईंचा हा पहिलाच विमानप्रवास. गुडघे पार गेलेले, घरातल्या घरात भिंतीला धरून चालणं. म्हणून तिकीट काढतानाच मी व्हीलचेअर सांगून ठेवली, आणि घरात महाभारत घडलं! चारचौघांत मला खुर्चीत घालून ढकलत नेणार असाल तर मी येतच नाही, असं आईंनी सांगून टाकलं. त्या रात्री मी त्यांना फ्रँकलिन रूझवेल्ट यांची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, तीच आज तुम्हालाही सांगते.

रूझवेल्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. जन्म १८८२ चा. घर श्रीमंत, आईचा हा एकुलता एक लेक. शिक्षण झालं, राजकारणात बस्तान बसलं, सहा मुलं झाली. ऑगस्ट १९२१ मध्ये सगळं कुटुंब कॅम्पोबेलो नावाच्या बेटावर सुट्टीला गेलं होतं. तिथे त्यांना ताप आला आणि काही दिवसांतच दोन्ही पायांतली शक्ती गेली. निदान झालं पोलिओचं. वय होतं अवघं एकोणचाळीस.

आता पुढचं ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही घराची आठवण येईल. आईचं म्हणणं, लेकानं आता सगळं सोडावं आणि गावाकडच्या वाड्यात येऊन आराम करावा. बायको एलिनॉर मात्र हटून बसली. हा माणूस घरात बसला तर मनानंही खचेल, असं तिला वाटत होतं. सासू-सुनेत चांगलीच जुंपली, पण सून मागे हटली नाही. मुळात बुजरी असलेली एलिनॉर नवऱ्याचं नाव लोकांच्या ओठावर राहावं म्हणून स्वतः सभांतून बोलायला शिकली.

रूझवेल्ट १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. १९३२ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात पक्षानं राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांची निवड केली, तेव्हा ते बायको-मुलांसह विमानानं तिथे पोचले. त्या काळी विमानात बसायला धडधाकट माणसंही कचरत, आणि वाऱ्याविरुद्ध झगडत हा प्रवास तब्बल नऊ तास चालला! पुढे ते चार वेळा राष्ट्राध्यक्ष झाले. असं दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही.

पण आपलं अपंगत्व ते आयुष्यभर झाकत राहिले. पायांना पोलादी पट्ट्या बांधायच्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं मुलाचा दंड घट्ट धरायचा आणि कमरेच्या जोरावर चार पावलं टाकायची. चाकाच्या खुर्चीतले त्यांचे फोटो छापले जात नसत. त्यांना पोलिओ झाला होता हे लोकांना ठाऊक होतं, पण आधाराशिवाय पाऊलही टाकता येत नाही, याची बहुतेकांना कल्पना नव्हती. घरात वापरायची खुर्ची त्यांनी स्वतःच करवून घेतली होती. साध्या, बिनहातांच्या खुर्चीला चाकं लावलेली. अरुंद असल्यानं ती कुठल्याही दारातून सहज जायची.

जानेवारी १९४३. अटलांटिक समुद्रात जर्मन पाणबुड्या टपलेल्या, त्यामुळे चर्चिलना भेटायला आफ्रिकेत जायचं तर विमानानंच. पदावर असताना विमानप्रवास करणारे ते अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. म्हणजे बघा, हा मान मिळाला तो जिना चढता न येणाऱ्या माणसाला!

मग त्यांच्यासाठी खास विमान तयार झालं. नाव पडलं ‘सेक्रेड काऊ’, म्हणजे पवित्र गाय. त्यात विजेवर चालणारा पाळणा होता. खुर्ची जमिनीवरच त्यात न्यायची, पाळणा वर जायचा आणि राष्ट्राध्यक्ष खुर्चीसकट विमानात! फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेला ते या विमानानं गेले. परतल्यावर मात्र त्यांनी संसदेपुढे बसूनच भाषण केलं आणि पायांवरच्या पोलादाच्या वजनाचा चक्क उल्लेख करून क्षमा मागितली. आयुष्यभर झाकलेली गोष्ट त्या दिवशी उघड बोलून गेले. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, ते गेले. त्या पाळण्याचा वापर त्यांच्या नशिबी एवढ्या एकाच दौऱ्यापुरता आला. ते विमान आजही ओहायोमधल्या डेटनच्या संग्रहालयात आहे.

वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या स्मारकात चाकाच्या खुर्चीतला पुतळा बसायला मात्र २००१ साल उजाडलं. त्यासाठी आग्रह धरला तो अपंगांनीच.

तेव्हा जे एका राष्ट्राध्यक्षासाठी झालं, ते आज तुमच्या-माझ्या घरच्यांसाठी आहे. अनेक विमानतळांवर खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी असते, तिला अॅम्बुलिफ्ट म्हणतात. आतल्या चिंचोळ्या वाटेसाठी वेगळी अरुंद खुर्ची असते. फक्त तिकीट काढतानाच सांगायचं, निदान ४८ तास आधी तरी. आणि चार पायऱ्या चढता येतात की अजिबात नाही, हेही स्पष्ट सांगायचं. इथे भीड धरली की आपलीच पंचाईत होते.

आई गोष्ट ऐकून काही बोलल्या नाहीत. विमानतळावर मात्र पदर सावरून खुर्चीत बसल्या, मान ताठ. परतीच्या आदल्या रात्री मी बॅग भरत होते, तर हळूच विचारतात कशा, खुर्चीचं सांगितलंस ना गं?