बिनतारी संदेशाचे जनक मार्कोनी : पोंतेक्कियो ते किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर हा सारा परिसर हादरला. दगडमातीची घरे कोसळली व हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. कोण वाचले, कोठे औषध हवे, कोठे तंबू हवेत, हे बाहेर कळवणे हीच पहिली अडचण होती. त्या दिवसांत मदतीला धावलेल्यांमध्ये हौशी रेडिओचालकही होते. जग त्यांना ‘हॅम’ म्हणून ओळखते. एक लहान संच, मोटारीची बॅटरी आणि दोन खांबांमध्ये ताणलेली तार, एवढ्या साहित्यावर ही मंडळी संदेश पोहोचवू शकतात. त्या तारेचे मूळ ज्या माणसापर्यंत जाते, त्या गुग्लिएल्मो मार्कोनी यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मार्कोनी यांचा जन्म इटलीतील बोलोन्या शहरी २५ एप्रिल १८७४ रोजी, म्हणजे संत मार्क यांच्या सणाच्या दिवशी झाला. वडील इटालियन जमीनदार, तर आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील एका धनाढ्य प्रॉटेस्टंट घराण्यातील. मुलाचा स्नानसंस्कार कॅथलिक पद्धतीने झाला. शाळेत त्याची प्रगती बेताचीच होती आणि विद्यापीठाची पदवी त्याला कधीच मिळाली नाही. मात्र हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या विद्युतचुंबकीय लहरींविषयी वाचल्यापासून त्याला दुसरे काही सुचेना. बोलोन्याजवळच्या पोंतेक्कियो गावी घरच्या माळ्यावर त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. वडिलांना हा वेळेचा अपव्यय वाटे. आईने मात्र मुलाची पाठराखण केली.

१८९५ साली त्या तरुणाच्या हाती खरे गमक आले. उपकरणाचे एक टोक उंच टांगलेल्या तारेला आणि दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्याला जोडताच संदेश कितीतरी दूर जाऊ लागला. एक हात आकाशात व एक पाय मातीत, अशी ती मांडणी होती. थोरला भाऊ अल्फोन्सो टेकडीपलीकडे बंदूक घेऊन उभा राहिला. संदेश पोहोचताच त्याने बार काढला आणि दोन किलोमीटरहून अधिक अंतर तारेवाचून पार झाल्याची ग्वाही मिळाली. ॲंटेना आणि अर्थिंग ही जोडी तेव्हापासून रेडिओकेंद्रात कायमची ठाण मांडून बसली.

या कार्यात मार्कोनी एकटे नव्हते, हेही येथे नमूद करणे उचित होईल. त्याच १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून व दारू पेटवून दाखवली होती. सेंट झेवियर्स महाविद्यालयात बोस यांना भौतिकशास्त्राची गोडी लावणारे बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू फादर यूजीन लाफाँ यांचे नाव आपण कॅथलिकांनी तरी विसरू नये. १९०१ मध्ये मार्कोनी यांनी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक हा बोस यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या उपकरणाचाच अवतार होता, असे पुढे संशोधकांनी दाखवून दिले आहे. बोस यांनी शोधातून पैसा मिळवण्याची इच्छा धरली नाही. मार्कोनी यांनी मात्र १८९६ मध्ये इंग्लंड गाठून पेटंट घेतले आणि १८९७ मध्ये कंपनी स्थापन केली.

अटलांटिक महासागर ओलांडण्याचे धाडस त्यानंतरचे. लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वी तर गोल. मग त्या अवकाशात निघून जातील, असे मोठमोठ्या विद्वानांचे मत होते. तरीही मार्कोनी यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्डू येथे सुमारे ६० मीटर उंचीच्या २० डोलकाठ्यांचे कडे उभारले. सप्टेंबर १९०१ च्या वादळात ते सारे भुईसपाट झाले. दोन महिन्यांनी अमेरिकेतील केप कॉड येथील डोलारा तसाच कोसळला. तेव्हा पोल्डूला दोनच खांबांवर तारांचा पंखा टांगण्यात आला आणि मार्कोनी न्यूफाउंडलंड बेटावर गेले. तेथील सोसाट्याच्या वाऱ्यात पतंगाला सुमारे दीडशे मीटर तार बांधून त्यांनी ती आकाशात चढवली. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी त्यांनी कानाला लावलेल्या यंत्रात मोर्सच्या ‘एस’ अक्षराचे तीन ठिपके ऐकल्याचे जाहीर केले. मधले अंतर होते सुमारे ३,४०० किलोमीटर.

ते ठिपके खरे होते की वातावरणातील विजेची खरखर, याविषयी जाणकारांत आजही मतभेद आहेत, कारण त्या लहरी भरदुपारी एवढ्या लांब जाणे फार कठीण. स्वतः मार्कोनी यांनीही केवळ कानांवर विसंबून राहण्याचे सोडून दिले. फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया या जहाजावरून प्रवास करताना त्यांनी संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले. दिवसा सुमारे १,१०० किलोमीटरपलीकडे काही ऐकू येईना. रात्री मात्र २,५०० किलोमीटरवर पूर्ण संदेश आणि त्याहीपुढे नुसत्या खुणा मिळत राहिल्या.

याचे कारण तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. आपल्या डोक्यावर सुमारे ६० किलोमीटरपासून काही शे किलोमीटर उंचीपर्यंत सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत. त्यांतील वरचे थर लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवतात. सर्वांत खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी दिवसा शोषून घेतो आणि सूर्य मावळताच विरून जातो. मध्यम लहरींवर दूरची आकाशवाणी केंद्रे रात्रीच का ऐकू येत, याचे उत्तर यातच आहे. अशा थराचे अनुमान १९०२ मध्ये केनेली व हेविसाइड यांनी केले आणि १९२४ मध्ये ॲपलटन यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले.

त्यानंतर मार्कोनी यांचा निष्कर्ष असा की, लांब जायचे तर लहर लांब हवी, खांब उंच हवेत आणि शक्ती प्रचंड हवी. १९०७ मध्ये आयर्लंड व कॅनडा यांच्या दरम्यान त्यांनी सुरू केलेल्या सेवेच्या लहरींची लांबी ६,००० मीटरहून अधिक होती. १९०९ मध्ये त्यांना कार्ल ब्राउन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा सुमारे ७०० जीव वाचले ते बिनतारी हाकेमुळेच. जग लांब लहरींच्या मागे लागले. २०० मीटरहून आखूड लहरी निरुपयोगी समजून अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांच्या पदरात टाकण्यात आल्या.

आणि येथेच आमच्या मते या चरित्राचे मर्म आहे. टाकून दिलेल्या त्या लहरींवर हौशी पोरांनी आपल्या परसात तारा बांधल्या. २८ नोव्हेंबर १९२३ रोजी फ्रान्समधील लेऑन डेलॉय यांनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर अमेरिकेतील हौशी चालकांशी महासागरापलीकडे दुहेरी संभाषण साधले. मार्कोनी तोवर पन्नाशीच्या उंबरठ्यावर आले होते. सारी कीर्ती व कंपनीचे भांडवल लांब लहरींत गुंतलेले होते. तरीही आपले सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांच्यासह त्यांनी ‘एलेत्रा’ या आपल्या नौकेवरून आखूड लहरींची कसून परीक्षा त्याच वर्षी आरंभली होती. लहर जितकी आखूड केली तितकी ती दिवसाही दूर पोहोचू लागली. वीस वर्षे आपण चुकीच्या वाटेवर होतो, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. एवढ्या उंचीवर पोहोचलेल्या माणसाने असे मागे वळावे, ही सोपी गोष्ट नव्हे.

त्या माघारीचे फळ आपल्या महाराष्ट्रापर्यंत आले. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने मार्कोनी कंपनीशी आखूड लहरींच्या ‘बीम’ पद्धतीचा करार केला. या पद्धतीत उभ्या तारांचा एक पडदा लहरी सोडतो आणि त्यामागचा दुसरा पडदा आरशाप्रमाणे त्या एकाच दिशेला वळवतो. त्यामुळे थोड्या शक्तीत मोठे अंतर गाठता येते. १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथे ग्रहण केंद्र सुरू झाले आणि भारत इंग्लंडशी समुद्रतळाच्या केबलवाचून बोलू लागला.

१२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांनीच उभारलेल्या केंद्रावरून पोप अकरावे पायस यांनी लॅटिन भाषेतून जगाला उद्देशून भाषण केले आणि व्हॅटिकन रेडिओचा जन्म झाला. पोपमहोदयांचा आवाज एकाच क्षणी सर्व खंडांत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. १९३३ मध्ये मार्कोनी यांनी व्हॅटिकन व कास्तेल गांदोल्फो यांच्यामध्ये अतिसूक्ष्म लहरींचा दूरध्वनीही बसवून दिला.

चरित्राची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवणार नाही. १९२३ मध्ये मार्कोनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेले, १९३० मध्ये इटलीच्या शाही अकादमीचे अध्यक्ष झाले आणि १९३५ च्या ॲबिसिनियावरील आक्रमणाचे त्यांनी समर्थन केले. अकादमीच्या कागदपत्रांत ज्यू विद्वानांच्या नावांपुढे खुणा केलेल्या आढळल्या आहेत आणि त्यांच्या कारकिर्दीत एकाही ज्यू विद्वानाला तेथे प्रवेश मिळाला नाही. लहरींच्या बाबतीत स्वतःची चूक ओळखणाऱ्या माणसाला ही चूक ओळखता आली नाही. याउलट पोलंडमध्ये १९३८ साली आपल्या मठात रेडिओकेंद्र उभारणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९४१ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत दुसऱ्या कैद्यासाठी प्राण दिला. हौशी रेडिओचालक आज त्यांनाच आपले आश्रयदाते संत मानतात. यंत्र एकच, पण ते कोणाच्या सेवेला लावायचे हे यंत्र ठरवीत नाही.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे हृदयविकाराने मार्कोनी यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधील रेडिओकेंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

आता पुन्हा मराठवाड्याकडे वळू. किल्लारीहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर, नांदेड दीडशेच्या आत. एवढ्या अंतरासाठी अतिआखूड लहरींचे लहान संच अपुरे पडतात, कारण त्या लहरी क्षितिजापुढे वाकत नाहीत. हौशी चालक म्हणून ४० आणि ८० मीटरचे पट्टे वापरतात. चाळीस मीटरसाठी सुमारे २० मीटर आणि ऐंशी मीटरसाठी सुमारे ४० मीटर लांबीची तार पुरते. ती मुद्दाम जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडवी बांधली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, वरच्या थरावरून परततात आणि भोवतालच्या काही शे किलोमीटरवर पावसासारख्या पडतात. दिवसा चाळीस, रात्री ऐंशी, हा साधारण नियम. फिलाडेल्फिया जहाजावर दिसलेला रात्रंदिवसाचा भेदच येथे कामाला येतो.

मात्र आकाशात चढवलेली तार विजेलाही आमंत्रण देते. एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात लातूर-नांदेडकडे वीज पडून माणसे व जनावरे दगावतात, हे आपण दरवर्षी पाहतो. मार्कोनी यांनी जमिनीत पुरलेला पत्रा येथे जीवरक्षक ठरू शकतो. पण आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ती सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतेच उरते. म्हणून सळई ओलाव्यापर्यंत खोल हवी, खड्ड्याला पाणी घातलेले हवे, आणि खांब, संच व घरची वीज यांची अर्थिंग एकमेकांना जोडलेली हवी. एवढे करूनही थेट पडणाऱ्या विजेपुढे खात्री नाही. ढग गडगडण्यापूर्वीच ॲंटेनाची तार संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी आणि वादळ ओसरेपर्यंत तिला हात लावू नये. ख्रिस्तमंदिराच्या मनोऱ्यावर भोंगे अथवा गच्चीवर टीव्हीची छत्री असलेल्या आपल्या धर्मग्रामांनीही पावसाळ्यापूर्वी तडितरक्षक व अर्थिंग तपासून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळतो आणि त्यासाठी शास्त्राची पदवी लागत नाही. मार्कोनी यांच्याकडेही ती नव्हती. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या तरुणाने वा तरुणीने ही विद्या शिकून घेतली, तर पुढच्या संकटाच्या पहाटे आपल्या गावाची हाक बाहेर पोहोचवणारा कोणी तरी गावातच असेल.