शिनिची सुझुकी : मुलांचे आणि शिक्षकांचेही शिक्षक

माणसाची योग्यता त्याच्या जन्मावर ठरत नाही, हा विचार बाबासाहेबांनी आपल्याला दिला आणि विद्येच्या क्षेत्रात आपल्या समाजाने तो खरा करून दाखवला. संगीताचा विषय निघाला की मात्र आपल्यातील सुशिक्षितही गळा आणि हात ही जन्मजात देणगी असल्याचे सहज बोलून जातात. म्हणूनच या स्मरणिकेसाठी आम्ही जपानमधील एका व्हायोलिनवादकाचे चरित्र निवडले आहे. शिनिची सुझुकी यांनी हा समज आयुष्यभर खोडून काढला आणि त्यासाठी मुलांबरोबर शिक्षकही घडवले.

सुझुकी यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८९८ रोजी नागोया येथे झाला. वडील मासाकिची हे पूर्वी शामिसेन हे जपानी तंतुवाद्य बनवीत. पुढे ते व्हायोलिनकडे वळले आणि त्यांनी मोठा कारखाना उभारला. घरात व्हायोलिनांचा ढीग असूनही शिनिची लहानपणी वादन शिकले नाहीत. भावंडांच्या लेखी ती खेळणीच होती. व्यापारी शाळेत शिकून त्यांनी कारखान्यातच काम करावे, असा घरचा बेत होता. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी मिशा एल्मन या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकली. आपल्या कारखान्यातील लाकडी वस्तूतून असा नाद निघू शकतो, याचे त्यांना विलक्षण आश्चर्य वाटले. त्यांनी एक व्हायोलिन घरी आणले आणि ऐकून ऐकून एकट्याने सराव सुरू केला.

पुढे टोकियोत शिक्षण घेऊन ते १९२१ च्या सुमारास बर्लिनला गेले. तेथे कार्ल क्लिंगलर यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षे साधना केली. १९२८ मध्ये वाल्ट्राउड या जर्मन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. जपानला परतल्यावर भावांसह त्यांनी चौघा वादकांचा संच स्थापन केला आणि अध्यापनही सुरू केले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १९३० नंतरच्या काही वर्षांत. एका पित्याने आपला चार वर्षांचा मुलगा तोशिया एतो याला त्यांच्याकडे आणले. इतक्या लहान मुलाला कसे शिकवावे, या विचारात असताना त्यांना एक साधी गोष्ट जाणवली. जपानमधील सर्व मुले जपानी बोलतात, तीही आपापल्या मुलखाच्या हेलासह. मातृभाषा शिकण्यात कोणी नापास होत नाही. मूल ती सतत ऐकते, पुन्हा पुन्हा उच्चारते आणि प्रत्येक नव्या शब्दाचे घरात कौतुक होते. मग संगीतही असेच का शिकवू नये? एतो पुढे नामांकित वादक झाला. परंतु सुझुकींच्या दृष्टीने एतो घडण्यापेक्षा प्रत्येक मूल घडू शकते, हे महत्त्वाचे होते.

महायुद्धाने हे काम थांबवले. कारखान्यात वाद्यांऐवजी युद्धसामग्रीचे भाग बनू लागले आणि सुझुकींनी डोंगराळ भागात उपासमारीचे दिवस काढले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, मात्सुमोतो शहरात त्यांची शाळा उभी राहिली. तेथे प्रवेशासाठी परीक्षा नव्हती. मुलाच्या मापाचे छोटे व्हायोलिन, घरी रोज ऐकायची ध्वनिमुद्रिका, आणि आधी आई किंवा वडिलांनी स्वतः थोडे वाजवायला शिकणे, ही त्या शिक्षणाची सुरुवात. शिकलेली रचना मागे टाकायची नाही, ती रोज अधिक सुरेल करायची. शरीराची उजवी बाजू अधू असलेल्या एका मुलीच्या हातून वाजवताना गज दूर फेकला जाई. आईने आणि शिक्षकांनी सुमारे सहा महिने धीर सोडला नाही, आणि तिचा गज तारेवर स्थिरावला.

१९५५ मध्ये टोकियोत सुमारे १२०० मुलांनी एकत्र वादन केले. १९६४ मध्ये दहा मुलांना घेऊन सुझुकी अमेरिकेला गेले, तेव्हा तेथील संगीतशिक्षक थक्क झाले. ही निवडक अद्‌भुत बालके असावीत, असे अनेकांना वाटले.

त्यानंतर देशोदेशींचे शिक्षक मात्सुमोतोला येऊ लागले, आणि आमच्या मते येथूनच सुझुकींच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग सुरू होतो. त्यांची दहा भागांची पुस्तके बाजारात मिळत होती. पण पुस्तक हाती आले म्हणून शिकवता येत नाही, हे ते जाणून होते. पदवी घेऊन आलेल्या वादकांनाही ते पुन्हा पहिल्या पुस्तकाशी आणून बसवीत. मोकळ्या तारेवर गज ओढून शुद्ध नाद काढणे, हा रोजचा पाठ असे. भावी शिक्षक लहान मुलांच्या तासिका बसून पाहत. दहा चुका दिसल्या तरी एका वेळी एकच सुधारायची, आधी प्रयत्नाला दाद द्यायची आणि मग आणखी चांगले मागायचे, हे त्यांना पाहून उमजे. उतारवयातही सुझुकी पहाटेपूर्वी उठत आणि दूरदूरच्या मुलांनी पाठवलेल्या ध्वनिफिती ऐकून प्रत्येकाला अभिप्राय देत. २६ जानेवारी १९९८ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी, मात्सुमोतो येथे त्यांचे निधन झाले.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. मुले घोकून वाजवतात, स्वरलिपी उशिरा वाचतात, सारी एकसारखीच वाजवतात, अशी टीका झाली. आम्हाला त्याहून मोठी अडचण दिसते. सुझुकींचे मूल रोज संध्याकाळी पालकाजवळ बसून सराव करते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आईने तो वेळ कोठून आणावा? तिने तर मुलाच्या शिक्षणासाठीच त्याला वसतिगृहात ठेवलेले असते. अशा निवासी शाळेत आईच्या वाट्याचे ऐकवणे, बसणे आणि कौतुक करणे हे शिक्षकाकडेच येते. त्यामुळे येथील संगीतशिक्षकाला सुझुकींच्या शिक्षकापेक्षाही अधिक तयारी लागते.

आपल्या समाजाला या विषयाला आणखी एक पदर आहे. गावगाड्याने लादलेली कामे आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वाभिमानाने सोडली. अनेक ठिकाणी त्यांत सणावारी वाजवण्याचे कामही होते. त्या वादनात कौशल्य होते, पण गावाने ते कधी गुण म्हणून मोजले नाही, जातीचे कर्तव्य म्हणून वसूल केले. आज आपल्या मुलाने वाद्य हाती घ्यावे ते आपल्या इच्छेने आणि रीतसर शिकून. स्वतः बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात, कामाच्या एवढ्या व्यापातही, व्हायोलिन शिकायला घेतले होते. शिकण्याचे वय उलटून गेले, असे त्यांना वाटले नाही.

संमेलनाच्या आधी पंधरा दिवस कोणी तरी येऊन दोन गाणी बसवून जाणे, याला संगीतशिक्षण म्हणता येत नाही. माजी विद्यार्थी शाळांना ढोल, लेझीम, हार्मोनियम भेट देतात, त्यांचे आम्हाला कौतुकच आहे. आता त्यांनी आणि पालकांनी एक पाऊल पुढे टाकावे. आपल्याच शाळांतून शिकलेल्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला वाद्यवादनाच्या आणि ते मुलांना शिकवण्याच्या पूर्ण शिक्षणासाठी पाठवावे, त्या काळातील खर्च वाटून घ्यावा, आणि परत आल्यावर वर्षभराची तासिका त्यांच्या हाती सोपवावी.